सोडवून आणीन

जरीपटका, नागपूर
बुधवार, ९ जून १९७१

यमूआत्या,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक लिहिली गेली. सरकारी नर्सिंग शाळेच्या बॉण्डवर जामीन राहायला बाबांनी नकार दिला, असं मी लिहिलं होतं. तसं झालेलं नाही. बाबांना मी अजून विचारलेलंच नाही. ते नाही म्हणतील हे मी मनात इतकं पक्कं धरलं होतं की लिहिताना ते घडून गेल्यासारखंच उतरलं. पत्र पेटीत पडल्यावर लक्षात आलं. पेटीत हात घालून पाहिला, पण बोटंच जातात, मनगट जात नाही.

ते का धरून चालले तेही सांगायला हवं, कारण ते तुझ्यावरून आहे. आपल्या घरी मी लहानपणापासून ऐकत आले की यमूनं बॉण्ड तोडला आणि दादाला संत्र्याचा बहार विकून भुर्दंड भरावा लागला. बहिणीच्या पायी एकदा पोळलेला माणूस मुलीच्या वेळी पुन्हा त्याच कागदावर सही कशाला करेल, असा माझा हिशेब. हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. टोचलं तर आधीच माफी मागते.

तुझा पत्ता मला आपल्या देवाजीच्या भावाने दिला, तो भिलाईला कारखान्यात आहे. पत्ता बरोबर आहे की नाही हे मला माहीत नाही. हे दुसऱ्याच कोणा यमूताईंच्या हाती पडत असेल तर त्यांनी कृपा करून परत पाठवावं.

मी मॅट्रिक झाले, सेकंड क्लासमध्ये. नर्सिंगलाच जायचं हे ठरलेलं आहे. कुठे जायचं ते ठरत नाही, आणि तीस जूनला अर्ज बंद होतात. म्हणून कुसुममावशीकडे येऊन राहिले आहे. बाबा दोन दिवस सोबत होते. आम्ही तीन जागा पाहिल्या.

पहिली सरकारी. साडेतीन वर्षं. फी नाही, उलट महिना सत्तर रुपये विद्यावेतन मिळतं, त्यातून मेसचे बेचाळीस कापतात. कपडे ते देतात, बूट आपले. (मागे मी ‘सगळं फुकट’ लिहिलं होतं, तेही चूकच.) बदल्यात शिकून झाल्यावर तीन वर्षं सरकार पाठवील तिथे नोकरी, चांदा म्हणजे चांदा, सिरोंचा म्हणजे सिरोंचा. मध्येच सोडलं तर घेतलेलं सगळं परत. आणि त्यासाठी जमीन असलेला एक जामीनदार.

दुसरी मिशनच्या दवाखान्याची. तिथे बॉण्ड नाही, पण वर्षाची फी तीनशे, अनामत दीडशे आणि मेस वेगळी. ज्यांना झेपत नाही त्यांना अर्धी माफी देतात. मात्र पालकाने तसं लिहून द्यायचं, की आम्हाला झेपत नाही.

तिसरी म्हणजे शाळा नाहीच, धंतोलीतले एक डॉक्टर. कळमेश्वरच्या वामनरावांच्या ओळखीचे. ते स्वतःच शिकवणार, आणि पहिल्या महिन्यापासून चाळीस रुपये देणार. मी विचारलं, शेवटी सर्टिफिकेट कसलं मिळेल? ते हसून म्हणाले, “सुई टोचताना पेशंटला सर्टिफिकेट दाखवणार आहेस का?” बाबा हसले. मीही हसले. मावशीकडे परत आल्यावर मला कळेना की मी कशाला हसले.

आता सरकारी शाळेतली गंमत. खिडकीपाशी बसलेल्या बाईंना बाबांनी विचारलं, “बाई, हे पाडव्याले सुटते का?”

“काय सुटतं?”

“पोरगी. सालाचा हिशेब पाडव्यालेच होत असंल ना?”

“काका, शाळा आहे ही. पाडव्याला एक दिवसाची सुट्टी असते. तेवढी सुटेल.”

हे सांगितल्यावर मावशीच्या मुली पोट धरून हसल्या. त्या इथेच वाढल्या, त्यांना सालदार ठाऊक नाही. मी त्यांना समजावलं, की आमचा देवाजी कसा पाडव्यापासून पाडव्यापर्यंत आमच्याकडे बांधलेला असतो. सालाचं आधी ठरतं, काही उचल घेतो, मध्येच निघाला तर उचल परत करावी लागते, आणि असा निघालेला गडी मग गावात दुसरं कोणी ठेवत नाही. बाबांच्या डोक्यात बॉण्ड म्हणजे हेच. विद्यावेतन म्हणजे उचल. मुली पुन्हा हसल्या. मला हसू आलं नाही. बॉण्डचा कागद मी दोनदा वाचला, आणि बाबा नेमके कुठे चुकतात ते मला दाखवता आलं नाही.

मिशनच्या दवाखान्यात आम्हाला एका वॉर्डाच्या बाकावर बसवलं होतं. समोरच्या खाटेच्या चादरीचा कोपरा सुटून लोंबत होता. मी उठून घडी घालून तो गादीखाली घातला. कसा उठले ते कळलंच नाही, हात आपोआप गेला. मागे शिकवणाऱ्या सिस्टर उभ्या. “हा कोपरा कोणी शिकवला?” मी म्हटलं, घरी. त्या पुढेही काही विचारत होत्या. ते नंतर लिहीन.

तू यातली कुठली जागा घेतली असतीस, असं विचारणार होते. पण तुला ते विचारावं का हेच समजत नाही.

प्रेमिला

घरून, कळमेश्वर
सोमवार, १४ जून १९७१

यमूआत्या,

माझा फार गोंधळ झाला आहे. घडलं तसं सांगते.

शनिवारी घरी आले आणि आधी बागेत गेले. संत्र्याची पानं वळलेली. विहिरीत तर पाणी दिसत होतं. देवाजी बांधावर तंबाखू चोळत बसला होता. मी विचारलं, इंजिन बिघडलं का?

“इंजिन चांगलं आहे, बाई. मालकच नाही म्हनते पानी सोडाले.”

“काहून?”

“आता मालकाले कोन पुसन काहून म्हनून? दोन बहार घ्याच्या गोष्टी करून राहिले.”

तू बाग सोडून नऊ वर्षं झाली, पण हे विसरली नसशील. झाडांवर आंबियाची फळं धरलेली आहेत, लिंबाएवढी झाली आहेत. अशात मृगाचाही बहार यावा म्हणून बाबांनी महिनाभर पाणी तोडून झाडांना ताण दिला आहे. खाली हिरव्या बारक्या फळांचा सडा पडला होता. एका सालात दोन बहार घेतलेली झाडं पुढे कशी वाळत जातात ते बाबांनीच मला बोट धरून दाखवलं होतं, शेजारच्या बागेत. मी एक फळ उचललं आणि मग समजलं की हे कोणासाठी आहे. मिशनची फी. बाबांनी तसा एक शब्द काढला नव्हता. मिशनमध्ये सिस्टरांनी अर्ध्या माफीचं सांगितलं तेव्हा मात्र ते ताडकन म्हणाले होते, “हा रुपराव असं लिहून देईन? बाग आहे माही.”

तेव्हा मी ठरवलं, सरकारीचंच विचारायचं, म्हणजे झाडं तरी सुटतील. जेवणं झाल्यावर विचारलं.

“बाबा, सरकारी शाळेले जामीन पाहिजे.”

“मंग? करतो ना सही.”

“मले वाटलं तुम्ही नाही म्हनान.”

“काहून नाही म्हनीन वं? तुही हौस आहे, कर एकदोन साल. मंग बहार चांगला आला का तुलेबी सोडवून आनीन.”

“मलेबी म्हंजे?”

“यमूले नाही आनलं का म्या? दोन साल झाले होते तिचे. गेलो, पैसे मोजले टेबलावर, अन् घेऊन आलो. त्या मोठ्या बाईनं मले बसाले खुर्ची देल्ली. सांग बरं, सालदाराले असं कोन सोडवते? कोनी नाही सोडवत. भाऊच सोडवते. बापच सोडवते.”

आत्या, हे बोलताना त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. इतका चांगला चेहरा. त्यांनी मला वरून आणखी एक पापड दिला.

मी हात धुऊन आईकडे गेले. ती तुरीची डाळ निवडत होती. मी म्हटलं, आत्यानं बॉण्ड तोडला असं तूच सांगत आलीस ना?

“तोडला म्हंजे तुटलाच ना वं तो?”

“पन तिनं नाही तोडला. बाबानं पैसे भरून आनलं तिले.”

आई म्हणाली, “अख्खा मृगाचा बहार फुलावरच विकून टाकला तुह्या बापानं. निम्म्या भावात. बहीन नोकरापन करून राहिली म्हनून त्याच्या घशाखाली घास नाही उतरे. अन् घरी आनलं तं ती तीन साल राहिली, लग्नाले उभी नाही झाली, अन् निंगून गेली. मंग लोकायले काय सांगाचं? मानसानं येड्यावानी बहार घालवला म्हनून सांगू? तं म्हटलं, तिनंच तोडला. तिचं काय, ती तं गेलीच होती.”

तिने डाळीतला खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “फेक हे बाहेर. अन् मले असं पाहू नको.”

ती तीन वर्षं म्हणजे माझी शाळा होती. मी सहा वर्षांची होते आणि गावातल्या शाळेत मुली तीनच होत्या, म्हणून तू मला घरी शिकवलंस. तू दवाखान्यातून परत आलेली आहेस, हे मला तेव्हा कळत नव्हतं. सगळ्याच मुलींना घरी असंच शिकवतात असं वाटायचं. आकडे तू थर्मामीटरवर शिकवलेस. चौथीत नाव घातलं तेव्हा गुरुजींनी आकडे म्हणायला सांगितले, तर मी चौऱ्याण्णवपासून सुरू केलं, आणि एकशे आठला थांबले. वर्ग हसला. गोधडीच्या कोपऱ्याला घडी घालायची, ती पुन्हा पुन्हा उसकटून घालायची. तुझ्या मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायचे. मी तो खेळ समजत होते.

आता मला एवढंच विचारायचं आहे. तुला घरी यायचं होतं का? तुला यायचं असेल तर बाबा बरोबर होते आणि मी उगाच घाबरते आहे. यायचं नसेल तर मग तू आलीस का?

बाबांचा होकार मिळाला आहे. हा होकारच आहे ना?

प्रेमिला

जरीपटका, नागपूर
शनिवार, १९ जून १९७१

यमूआत्या,

तुझं उत्तर नाही. मी रागावलेली नाही. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

काल सरकारी शाळेत पुन्हा गेले. खिडकीतल्या त्याच बाई. मी विचारलं, एखादीच्या वडलांनी मध्येच येऊन सगळे पैसे भरले, तर ते मुलीला घेऊन जाऊ शकतात का?

“त्या पाडव्यावाल्या काकांची मुलगी ना तू?”

मी हो म्हटलं.

“हे बघ, पैसे कोणीही भरू दे. मुलगी अठराच्या वर असेल तर नाव तिचं तिलाच काढावं लागतं. राजीनामा तिच्या हाताने लिहिलेला लागतो. तो नसेल तर काका टेबलावर सोनं ओतोत, आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवू.”

“नेहमी असाच नियम होता का? बारा वर्षांपूर्वीसुद्धा?”

“मी आले तेव्हापासून तरी हाच आहे. अन् मला लागून सतरा वर्षं झाली.”

मला वाटलं होतं, हे ऐकून मी सुटेन. मी शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली बसून राहिले. कारण मग याचा अर्थ, राजीनामा तू लिहिलास. तुला कोणी बांधून आणलेलं नाही. बाबांनी पैसे मोजले आणि तू तुझ्या हाताने लिहून दिलंस. सोमवारी मला बाबांचा राग आला होता. काल तुझा आला. आज कोणाचा येतो आहे ते नीट कळत नाही. तू दोन वर्षं शिकलेली होतीस, आणि राहिलं होतं दीडच.

आणखी दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या आहेत. न लिहिता पत्र पाठवलं तर रात्री झोप येणार नाही.

मिशनच्या सिस्टरांनी विचारलं होतं, घरी म्हणजे कोणी शिकवलं कोपरा घालायला? मी म्हटलं, आईने. त्यांनी विचारलं, आई नर्स आहे का? मी म्हटलं, नाही, तिला असंच येतं. आईला कोपरा येत नाही. बाबा बाजूला बसले होते म्हणून तुझं नाव घेतलं नाही. ते वळून भिंतीकडे बघत होते.

दुसरं असं की, भिलाईला तू काय करतेस ते मला ठाऊक आहे आणि मी ठाऊक नसल्यासारखी लिहीत आले. देवाजीच्या भावाने सांगितलं. तू बाळंतिणींच्या एका दवाखान्यात आया आहेस. अडलेली बाई आली की डॉक्टरीणबाई आधी तुला हाक मारतात, पण पगार आयाचा, कारण तुझ्यापाशी सर्टिफिकेट नाही. धंतोलीतल्या डॉक्टरांकडे मी हसले ते आठवून मला लाज वाटते ती यासाठी.

म्हणजे आता असं झालं आहे. मिशनला जायचं तर झाडं जातात, कारण बाबा माफी मागणार नाहीत. धंतोलीला गेले तर पन्नाशीतसुद्धा चाळीस रुपयांच्या जवळपासच राहीन. सरकारी शाळेत बाबा सही करतील, प्रेमाने करतील, आणि दोन वर्षांनी एक दिवस पैसे घेऊन समोर उभे राहतील.

मावशी म्हणते, “सही घे अन् चूप राह्य. दोन सालाची गोष्ट दोन सालानं. तोवर बहार येते का नाही येत, कोनाले ठाव?”

मी म्हटलं, म्हणजे बहार येऊ नये असं म्हणायचं का मी देवाला?

“तुह्याशी कोन बोलन, बाप्पा,” म्हणून ती उठून गेली.

मावशीचं चूक आहे असं नाही. पण सही घेऊन गप्प बसले, तर बाबा एक कागद समजून सही करणार आणि मी दुसराच कागद समजून ती घेणार. ही फसवणूक नाही का? मग वाटतं, ते मला न विचारता सोडवून आणायचं ठरवतात, तेव्हा फसवणूक कोणाची? मी दोन्ही बाजूंनी बोलते आणि दोन्ही वेळा मलाच पटतं.

आत्या, तू राजीनामा का लिहिलास?

प्रेमिला

जरीपटका, नागपूर
शुक्रवार, २५ जून १९७१

यमूआत्या,

तुझं कार्ड काल दुपारी आलं. पोस्टमनने मावशीच्या हाती दिलं आणि मावशीने ते आधी वाचलं, कार्डच ते, उघडंच. मग चहा करून दिला.

तू लिहिलंस तेवढं मला आता पाठ झालं आहे. “चारही पत्रं पोचली. राजीनामा मीच लिहिला. दादा नवं धोतर नेसून आला होता. पैसे रुमालात बांधलेले. त्याला वाटलं मी रडते ती आनंदाने. इतका खूश होता की मला नाही म्हणवलं नाही. वाटलं, घरी गेल्यावर सांगेन. घरी आल्यावर बाग पाहिली आणि मग कधीच सांगता आलं नाही. त्याने विचारलं नाही, मी बोलले नाही. कोपरा घट्ट बसतो ना अजून?”

घट्ट बसतो.

मला वाटलं होतं, तू लिहिशील की बाबा वाईट वागले, किंवा लिहिशील की तूच घाबरलीस. मग मला ठरवणं सोपं गेलं असतं. तू दोन्ही लिहिलं नाहीस. आज सकाळी लुगडी वाळत घालताना एवढंच लक्षात आलं की ते मोठ्या मनाने पैसे घेऊन आले आणि तू मोठ्या मनाने त्यांच्या मनासारखं केलंस, आणि त्या दिवसापासून तुम्ही दोघं एकमेकांना दिसलाच नाहीत. हे बरोबर लिहिलं की नाही कोण जाणे. चुकलं असेल तर खोड.

घरची बातमी. मंगळवारी मी आईला निरोप पाठवला होता, की मिशनचा विचार सोडला, झाडांना पाणी सोडा. आईने बाबांना विचारलं नाही. तिने देवाजीला इंजिन सुरू करायला सांगितलं. देवाजी म्हणाला, मालक मारन मले. आई म्हणाली, “मारलं तं मले सांग, मी त्याले दोन देतो.” संध्याकाळी बाबा बागेत गेले, तर सगळी आळी ओली. वामनराव काल इकडे आले होते, त्यांनी हे सांगितलं. बाबा म्हणे कितीतरी वेळ एका झाडाखाली उभे होते. मग घरी येऊन जेवले, आणि जेवताना एवढंच म्हणाले, “सोमवारी नागपूरले जातो. पोरीची सही करून येतो.”

ताण पुरा होण्याआधीच मोडला, आता मृगाचा बहार येणार नाही. मिशनची फी भरणं आता होणारच नाही. मी आज मिशनमध्ये जाऊन अर्ज परत घेतला. त्या सिस्टर भेटल्या. मी म्हटलं, सिस्टर, मला कोपरा आईने नाही शिकवला, आत्याने शिकवला. ती इथल्याच सरकारी शाळेत दोन वर्षं होती. त्यांनी विचारलं, मग त्या दिवशी आईचं नाव का सांगितलंस? मी म्हटलं, बाबा शेजारी होते. त्या मग म्हणाल्या, “तुझ्या आत्याला कळव, चांगलं शिकवलंय.” कळवते आहे.

आता सरकारी शाळा एकच उरली, आणि बाबा सही करायला तयार आहेत. कोणीही म्हणेल, झालं तर मग. पण माझं झालेलं नाही. तुझ्या कार्डावर “घरी गेल्यावर सांगेन” हे शब्द आहेत. ते वाचल्यापासून मला घरी जाऊन सांगायची भीती वाटते. सांगायचं तर आधी सांगायचं. सहीनंतर नाही, दोन वर्षांनी तर नाहीच. पेनाचं टोपण निघण्याआधी.

वाक्य मी जुळवलं आहे. “बाबा, तुम्ही मले सोडवाले याल तं मी येनार नाही. राजीनामा मलेच लिहा लागते, अन् तो मी लिहिनार नाही. हे ऐकून सही कराची असंल तं करा.” पहिल्यांदा मावशीसमोर म्हटलं, तेव्हा “याल तं” पर्यंतच आवाज आला. मावशी म्हणाली, “एवढंच म्हनशीन तं तो म्हनन, येतो ना बाप्पा, कवा येऊ?” आम्ही दोघी हसलो. दुसऱ्यांदा पूर्ण म्हणता आलं. पण समोर मावशी होती. बाबा नव्हते, आणि त्यांचा तो पापड वाढतानाचा चेहरा नव्हता.

हे ऐकून ते सही न करता परतही फिरतील. दुसरा जामीनदार नाही. मावशीच्या यजमानांची नोकरी दुकानातली आहे, जमीन नाही. वर्ष जाईल. कदाचित पुढचंही जाईल. धंतोलीची जागा मात्र नक्की उघडी असेल, डॉक्टरांनी निरोप पाठवला आहे. हे सगळं मी मोजून पाहिलं, आणि तरीही वाटतं की न सांगता मिळालेल्या सहीवर मी साडेतीन वर्षं नीट झोपू शकणार नाही. मी कशीही झोपते असं आई म्हणते, पण ते खरं नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. भिलाईहून रात्रीची गाडी सकाळी इथे लागते हे फक्त माहीत असू दे. बाबांना मी तुझ्या कार्डाबद्दल काही बोललेले नाही. तू आलीस तर तूच बोल, नाही आलीस तर मी तुझ्या नावाने काहीही सांगणार नाही. तेवढं तरी मला कळतं.

बाबा पहिल्या एस.टी.ने येणार. आईचा निरोप आहे, त्यांनी नवं धोतर काढून ठेवलं आहे. मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहीन, आत नाही, कारण आत खुर्ची देतात आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला असं काही सांगता येत नाही. ते रस्ता ओलांडून येतील, हसतील, “चाल वं” म्हणतील. तेव्हाच, उभ्यानेच, मी ते वाक्य पूर्ण बोलणार आहे. सोमवारी, २८ जूनला.

प्रेमिला